सुटकेनंतरचे पंधरा दिवस

‘गर्दुल्ला आत गेला ना, मग सुटेल आता,’ असं सहज बोललं जातं. शब्द तुच्छतेचा आहे, पण प्रचलित तोच. आत म्हणजे तुरुंगात, सुटेल म्हणजे व्यसनातून. घरचेही सुस्कारा टाकतात, की निदान हाताला माल लागणार नाही, दोन वेळा जेवेल, अंगावर मूठभर मांस चढेल. मांस चढतंही. पण त्याच काळात आणखी एक गोष्ट घडत असते आणि ती कळते दार उघडल्यावर.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जुलै १९९९ ते डिसेंबर २००३ या काळात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांची नावं इंग्रिड बिन्सवँगर आणि सहकाऱ्यांनी मृत्युनोंदींशी ताडून पाहिली. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता. अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट. हा छापखान्याचा घोळ नव्हे, १२९च.

‘इतक्या दिवसांची उपासमार, बाहेर येऊन दुप्पट घेत असतील,’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. दुप्पट घेण्याची गरजच पडत नाही. हेरॉइनसारखे अफूच्या जातीचे पदार्थ मेंदूच्या बुंध्याशी असलेलं, श्वास चालवणारं केंद्र मंद करतात. रोज घेणाऱ्याचं शरीर त्याला बरंच सरावतं. काही आठवडे नशा बंद राहिली की हा सराव ओसरतो, हाताला मात्र जुनंच माप आठवत असतं. ज्या पुडीने पूर्वी जेमतेम टर्की थांबायची, म्हणजे माल न मिळाल्यावरची अंगदुखी, जुलाब, घाम आणि हुडहुडी थांबायची, तीच पुडी आता श्वास थांबवते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या तर आणखी लवकर. त्यात घरी ठाव नाही, जुने सोबती पांगलेले, म्हणून एखाद्या आडोशाला एकट्यानेच घेतली, तर हाक मारायला कोणी नसतं.

मग औषध द्यावं, तर लोक म्हणतात, एक नशा सोडवून दुसरी लावायची का? आक्षेप अगदीच पोकळ नाही, कारण या उपचारात दिलं जाणारं मेथाडोन त्याच जातीतलं. पण ठरावीक मात्रेत ते सावकाश चढतं, दिवसभर पुरतं, तल्लफ आवरतं आणि शरीराचा सराव टिकवून धरतं. ऱ्होड आयलंड राज्याने २०१६मध्ये आपल्या तुरुंगांत मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन हे तिन्ही उपचार खुले केले. २०१६च्या पहिल्या सहामाहीत अतिमात्रेने दगावलेल्या १७९ जणांपैकी २६ जण वर्षभरात तुरुंगातून बाहेर आलेले होते. २०१७च्या त्याच सहा महिन्यांत १५७पैकी ९. राज्य चिमुकलं, आकडे लहान, म्हणून एवढ्यावर मी फार भिस्त ठेवली नसती. पण इंग्लंडमध्ये कैद्यांच्या १५,१४१ सुटकांचा मागोवा घेतल्यावरही हेच दिसलं. उपचार चालू असताना जे सुटले, त्यांच्यात पहिल्या चार आठवड्यांतले अमली पदार्थांचे मृत्यू ८५ टक्क्यांनी कमी होते. आपल्याकडे दिल्लीच्या तिहारमध्ये ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार २००८पासून सुरू आहेत.

राहिलं नॅलोक्सोन, म्हणजे अतिमात्रेवरचा उतारा. ते नशा देत नाही, उलट चढलेली अफू उतरवतं आणि श्वास परत आणतं. त्याचा असर हेरॉइनच्या आधी ओसरू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावंच लागतं. ‘हाताशी उतारा असला की हे लोक बेफिकीर होतील,’ ही त्याबद्दलची भीती. स्कॉटलंडने २०११पासून तुरुंगातून सुटणाऱ्यांनाही त्याचा संच द्यायला सुरुवात केली. अफूवर्गीय पदार्थांमुळे होणाऱ्या एकूण मृत्यूंत सुटकेनंतरच्या चार आठवड्यांतले मृत्यू २००६ ते २०१० या काळात ९.८ टक्के होते. २०११ ते २०१३मध्ये ते ६.३ टक्क्यांवर आले.

इंग्लंडमध्ये याचीच ‘एन-अलाइव्ह’ नावाची चाचणी सुरू होती. सुटणाऱ्यांपैकी काहींच्या हाती नॅलोक्सोन द्यायचं, काहींच्या नाही, आणि कोण जगतं ते पाहायचं. २०१४च्या अखेरीस ती थांबवावी लागली. कारण नॅलोक्सोन जितक्या वेळा वापरलं गेलं, त्यातल्या सुमारे एक तृतीयांश वेळाच ते सुटून आलेल्या माणसाला टोचलेलं होतं. बाकीच्या वेळी ते दुसऱ्याच कुणासाठी खर्ची पडलं होतं.