नकाशा कच्चा असतानाच

मुंबईत दादर आणि परळ यांच्या मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर हिंदमाता नावाचा चौक आहे. हिंदमाता चित्रपटगृहावरून त्याला हे नाव पडले. कापडाच्या दुकानांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. पण पावसाळा सुरू झाला, की वर्तमानपत्रांत त्याचे नाव वेगळ्याच कारणाने येते. हा भाग बशीसारखा सखल आहे. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली, की पाण्याला बाहेर जायला वाट मिळत नाही. मग रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते.

हे पाणी साठवण्यासाठी मुंबई महानगरपालिकेने २०२१ मध्ये जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधण्याचे काम हाती घेतले. एक टाकी दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि दुसरी परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली बांधली. त्यामुळे पाण्याचा त्रास कमी झाला, तरी अतिवृष्टीत तो अजून पूर्ण संपलेला नाही. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या टाक्यांना जागा मिळाली ती एका उद्यानाखाली आणि एका मैदानाखाली. दाट वस्तीच्या या भागात तेवढी मोकळी जागा शिल्लक होती, म्हणूनच हे शक्य झाले.

कोणती जागा मोकळी ठेवायची, कोठे इमारत बांधायची, कोठे शाळा किंवा दवाखाना काढायचा, कोणता रस्ता रुंद करायचा, हे कोण ठरवते? हे शहराच्या विकास आराखड्यात ठरते. आराखडा म्हणजे पुढील सुमारे वीस वर्षांसाठी केलेली शहराची योजना. तिच्यात नकाशे असतात आणि बांधकामाचे नियमही असतात. एखादी जागा उद्यानासाठी किंवा शाळेसाठी राखून ठेवली, तर त्याला त्या जागेचे ‘आरक्षण’ म्हणतात.

हा आराखडा अधिकाऱ्यांनी कचेरीत बसून परस्पर पक्का करायचा नसतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात त्याची पद्धत सांगितली आहे. प्रथम शहरातील जमिनींची पाहणी होते. मग आराखड्याचा मसुदा तयार करतात. तो जाहीर करून लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. त्यासाठी ठरावीक मुदत असते. नंतर नियोजन समिती लोकांचे म्हणणे ऐकते. यालाच सुनावणी म्हणतात. शेवटी राज्य सरकार आराखड्याला मंजुरी देते.

यांतील बरेच शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. नकाशा, मसुदा, मुदत, अर्ज, जाहीर, हद्द हे शब्द उर्दूतही आहेत. मात्र ‘हरकत’ या शब्दाकडे नीट लक्ष द्या. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. ‘माझी या रस्त्याला हरकत आहे’ याचा अर्थ ‘हा रस्ता येथे नको, असे माझे म्हणणे आहे’ असा होतो. सूचना म्हणजे काय करावे, हे सुचवणे.

लोकांच्या हरकतींचा खरोखर उपयोग होतो का? मुंबईचेच उदाहरण पाहू. २०३४ सालापर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा महानगरपालिकेने फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केला. हरकतींसाठी ६० दिवसांची मुदत होती. लोकांनी नकाशे बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांत पुष्कळ चुका आढळल्या. काही ठिकाणी उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते. काही जुन्या वारसा इमारतींची नोंदच नव्हती. आरे वसाहतीची हिरवी जमीन बांधकामासाठी खुली होईल, अशीही भीती होती. हजारो नागरिकांनी लेखी हरकती पाठवल्या. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मसुदा दुरुस्त करून पुन्हा तयार करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. त्यावरही हरकती व सूचना घेतल्या गेल्या. शेवटी २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला.

आता याच परिसरातील दुसरे उदाहरण पाहा. लालबाग, परळ, दादर हा गिरण्यांचा भाग. १९८२ च्या संपानंतर येथील अनेक गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमांनुसार गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना तिचे साधारणपणे तीन वाटे करायचे होते. एक वाटा उद्याने व मैदानांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीची करायची, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात रिकामी जमीन थोडीच होती. त्यामुळे मैदानांचा आणि घरांचा वाटा फार लहान झाला. २००५ मध्ये हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे नागरिकांच्या बाजूने निकाल लागला. परंतु २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बदलला आणि नवा नियम कायम राहिला. नियम पक्का झाल्यावर तो बदलणे किती कठीण असते, हे यावरून दिसते.

ही गोष्ट केवळ शहरांची नाही. खेड्यांसाठीही प्रादेशिक योजना असते. शेती कोठे राहील, गावठाण कोठवर वाढेल, घरे कोठे बांधता येतील, हे तिच्यात ठरते. गोव्यात २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ लागू झाला. त्यामुळे शेते आणि डोंगर बांधकामाखाली जातील, असे लोकांना वाटले. तेथे मोठे आंदोलन झाले आणि २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. तुमचे मूळ गाव कोकणात असो वा मराठवाड्यात, तेथील घराचा आणि शेताचा प्रश्नही अशाच नकाशाशी जोडलेला असतो.

हरकत लिहिणे अवघड नाही. अर्जात नाव, पत्ता आणि जागेचा भूमापन क्रमांक लिहावा. मग चार गोष्टी सांगाव्यात : नकाशात काय दाखवले आहे, जागेवर प्रत्यक्ष काय आहे, आपली हरकत का आहे आणि काय बदल हवा. समजा, शाळेजवळच्या मैदानावर वाहनतळ दाखवला आहे. तर असे लिहावे : ‘या जागेवर सध्या मैदान आहे. तीन शाळांची मुले येथे खेळतात. जवळ दुसरे मैदान नाही. म्हणून ही जागा खेळाच्या मैदानासाठीच राखून ठेवावी.’ सोबत छायाचित्र जोडावे. रागाचे शब्द टाळावेत. अर्ज मुदतीच्या आत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सुनावणीला बोलावले, तर अवश्य जावे. प्रत्येक हरकत मान्य होतेच असे नाही. पण दिलेली हरकत नोंदवली जाते. न दिलेल्या हरकतीचा विचार कोणी करत नाही.

अशा जाहीर सूचना वर्तमानपत्रांत मराठीतही छापून येतात. घरातील ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांना त्या वाचून दाखवण्याचे काम तुम्ही आजही करू शकता. मुंबईचा सध्याचा आराखडा २०३४ पर्यंत आहे. त्यानंतरच्या आराखड्याचा मसुदा जाहीर होईल, तेव्हा तुम्ही मोठे झालेले असाल. त्या वेळी नकाशात आपली गल्ली शोधा, आपली शाळा शोधा आणि काही चुकले असेल, तर मुदतीत लिहून कळवा.