पथ्य, वैद्य आणि आपल्या घरची भाकरी

कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून, धापा टाकीत भगवान बुद्धांच्या भेटीस आला, अशी कथा संयुत्तनिकायात आहे. द्रोणभर भात हे त्याचे नित्याचे जेवण. भगवंत त्याच्यावर रागावले नाहीत, त्यांनी उपवासही सांगितला नाही. भोजनाचे प्रमाण जाणणाऱ्या सावध माणसाच्या पीडा कमी होतात, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजामागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ करावी आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणावी, असे राजाने ठरविले. त्याबद्दल रोज शंभर कार्षापणही देऊ केले. अट्ठकथेत एक बारकावा आहे. गाथा म्हणायची ती शेवटच्या घासाला. तो घास राजाने तसाच ठेवायचा आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. असे करीत राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या कथेत वैद्याचा सल्ला एका गाथेएवढाच आहे. उरलेले काम ताटाशेजारी उभ्या राहणाऱ्या सुदस्सनाने केले. वडीलधाऱ्यांच्या पथ्याविषयी लिहिताना आम्हांला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

आपल्या जवळच्या इतिहासातही असे उदाहरण आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविणारे बाबासाहेब वीस वर्षांनंतर मधुमेह आणि पायांच्या नसांच्या दुखण्याने जेरीस आले होते. मुंबईचे डॉ. माधवराव मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत. त्यांच्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करीत होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांशी त्यांचा विवाह झाला आणि जेवण, औषध, इन्सुलिन यांची देखरेख त्यांच्याकडे आली. मधुमेह गेला नाही. तो जाण्यासारखा नव्हताच. परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहून झाला. मार्च १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत, या दोन वैद्यांच्या साहाय्यामुळेच आपण तो पूर्ण करू शकलो, अशी कृतज्ञता बाबासाहेबांनी नोंदविली आहे. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती, म्हणून कित्येक वाचकांना ती उशिरा कळली.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. अकोला-अमरावतीच्या खेड्यांतील आपल्या आजी-आजोबांना आज मधुमेह व रक्तदाब यांनी गाठले आहे. डॉक्टर सांगतात, “भात, पोळी कमी करा, ज्वारीची भाकरी खा.” सल्ला योग्य आहे, तरीही तो ऐकताना आजोबांचा चेहरा उतरतो. याचे कारण रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. या पिढीने ज्वारीच्या कण्यांवर दिवस काढले. गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तरच होई. त्यांच्या आईवडिलांनी तर गावकीचे शिळे तुकडे पाहिले होते. ते मागणे सोडा, असे महाडला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना सांगावे लागले. मुलगा शिकला, नोकरीला लागला, घरात रोज पोळी होऊ लागली. ती पोळी म्हणजे त्यांच्या लेखी सन्मान आहे. ती काढून घेणारा डॉक्टर त्यांना पुन्हा जुन्या दिवसांत लोटणारा वाटतो. ज्या डॉक्टरला हे कळते, तो “हे बंद, ते बंद” अशी यादी देत नाही. तो आधी विचारतो, “काल दिवसभरात काय काय खाल्ले?”

ज्वारीविषयी एक गैरसमजही आहे. ज्वारीतही पिष्ट असते व त्याची साखर होतेच. फरक इतका की अख्ख्या दाण्याच्या पिठात कोंडा असल्याने ती पांढऱ्या भातापेक्षा सावकाश रक्तात उतरते. ज्वारी चालते म्हणून चार भाकरी खाल्ल्या, तर साखर वाढणारच. एक भाकरी, वाटीभर तुरीचे घट्ट वरण, अंबाडीची किंवा मेथीची भरपूर भाजी, जवसाची चटणी असे ताट झाले की पोटही भरते आणि साखरही आटोक्यात राहण्यास मदत होते. हे सारे आपल्याच शिवारातले आहे. निदान सोयाबीनने शेते व्यापण्यापूर्वी तरी होते.

पूर्णेच्या खोऱ्यातील कुटुंबांनी पाण्याचाही विचार करावा. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरी विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी, त्यावर लोणचे, पापड आणि ठेचा असेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण कोठले पाणी पितो हे त्यांना आवर्जून सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर वर सांगितलेले डाळीचे प्रमाणही त्यांनाच विचारून ठरवावे.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना मात्र उत्साहाच्या भरात एकाएकी जेवण तोडू नये. औषध तेवढेच आणि अन्न निम्मे झाले, तर साखर फार खाली जाते. घाम फुटणे, हात थरथरणे, भोवळ, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच दोन-तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. राजाचे तांदूळही घासाघासानेच कमी झाले होते. आहार घटेल तसे औषधाचे प्रमाण बदलावे लागते आणि ते डॉक्टरांनीच बदलायचे असते.

सुट्टीत घरी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना एक काम सहज करता येईल. आजोबांनी तीन दिवसांत काय, किती व केव्हा खाल्ले, चहात साखर किती, पाणी कोठले, गोळी जेवणाआधी घेतली की नंतर, हे वहीच्या एका पानावर लिहावे आणि पुढच्या तपासणीला ते पान त्यांच्यासोबत न्यावे. जेवताना शेजारीही बसावे. सुदस्सनाला शंभर कार्षापण मिळत होते. इथे बहुधा आजीच्या हातची जवसाची चटणी मिळेल.