‘पिक्चरेस्क्ली’ आणि ‘सुरेख’

इंग्रजींतील ‘पिक्चरेस्क्ली’ ह्या क्रियाविशेषणाचें भाषांतर विद्यार्थी बहुधा ‘सुरेख रीतीनें’ असें करितात. तें आम्हांस पटत नाहीं.

शब्दांचें गोत्र जुळतें, हें खरें. इटालियन भाषेंत ‘पित्तोरे’ म्हणजे चित्रकार; त्यावरून ‘पित्तोरेस्को’, चित्रकाराच्या ढंगाचें; तेंच फ्रेंचमार्गे इंग्रजींत आलें. त्याच्या मुळाशीं असलेला लॅटिन ‘पिंगेरे’ आणि आपला ‘पिश्’ हे धातू एकाच कुळांतले. ‘पेशल’ हा त्याच धातूचा शब्द. ‘सुरेख’ शब्दांतही रेखा आहेच.

परंतु विल्यम गिल्पिन नामक इंग्रज पाद्र्यानें १७६८ सालीं चित्रांत शोभणारें तें ‘पिक्चरेस्क’ अशी व्याख्या केली, आणि १७९२ च्या निबंधांत खडबडीतपणा हेंच त्याचें मुख्य लक्षण ठरविलें. येथेंच वाटा फुटतात. आमच्या गेवराई तालुक्यांत गोदाकांठीं एखादी मातीची गढी अर्धी ढासळलेली असावी, भेगेंतून पिंपळ फुटलेला असावा. साहेब लिहील कीं ती ‘पिक्चरेस्क्ली’ उभी आहे. शेजारची गृहिणी तिला कदापि सुरेख म्हणणार नाहीं. तिची सुरेख ती अंगणांतली रांगोळी, जिची रेघ कोठें तुटली नाहीं. शिवाय ती भिंत तिच्याच छपरावर कललेली!

‘चित्रवत्’ म्हणावें, तर मराठींत त्याचा अर्थ निश्चल असा होऊन बसला आहे. तेव्हां एका शब्दाचा हट्ट सोडून ‘पडकी, तरी पाहत राहावी अशी’ असें सरळ लिहावें.