दुसरं पॅराशूट असतंच की!

बोईसर-तारापूरच्या माणसाला मॉक ड्रिल नवीन नाही. अणुवीज केंद्राचं असो की एमआयडीसीतल्या कारखान्याचं, भोंगा वाजतो, माणसं मोकळ्या जागेत जमतात, हजेरी होते आणि रांगेतला एक तरी पुटपुटतोच, "वेळ आली की सुचतं आपोआप." परवा स्टेशनबाहेर वडापाव खाताना हेच 'आपोआप' पुन्हा कानावर आलं. हरयाणात नारनौलला जाऊन विमानातून उडी मारून आलेला एक पोरगा मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होता.

"आणि पॅराशूट उघडलंच नसतं तर?"

"दुसरं असतंच की. ते आपोआप उघडतं."

दुसरं असतं, हे खरं. पाठीवरच्या एकाच पिशवीत खाली मुख्य आणि वर राखीव पॅराशूट. राखीवची घडी घालायची ती परवानाधारक रिगरनंच. अमेरिकेत तर ते वापरलं नाही तरी दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा भरावं लागतं. सोबत एक छोटं यंत्रही असतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ मध्ये आणलेलं 'सायप्रेस' त्यातलं सर्वांत नावाजलेलं. त्याच्या अनुभवी लोकांसाठीच्या प्रकारात, साधारण ७५० फुटांवर येऊनही माणूस ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगानं पडत असेल, तर ते राखीव पॅराशूट बांधून ठेवणारी दोरी कापतं. पोटावर मोकळं पडणाऱ्याला तिथून जमीन चार-पाच सेकंदांवर. एखाद्याची शुद्धच हरपली, तर हे यंत्र त्याला वाचवू शकतं. पण अर्धवट उघडून गुंतलेलं मुख्य पॅराशूट ते सोडवत नाही. त्या गुंत्यानं वेग थोडा कमी झाला असेल, तर ते चालूही होत नाही, आणि तो उरलेला वेग जीव घ्यायला पुरेसा असतो.

म्हणून काम हातांवर येतं. छातीवर उजवीकडे लाल, मऊ मूठ; डावीकडे राखीवची. लाल मुठीकडे बघायचं, पकडायची, हात पूर्ण लांब होईपर्यंत ओढायची. मुख्य पॅराशूट सुटून जातं. मग डावी ओढायची. क्रम उलटला, तर दोन्ही पॅराशूटं एकमेकांत अडकू शकतात. प्रशिक्षणात हे छताला टांगलेल्या पट्ट्यांत लोंबकळत घोकून घेतात. प्रशिक्षक बिघडलेल्या पॅराशूटचा फोटो दाखवतो आणि तुम्ही क्षणात सांगायचं, ठेवायचं की सोडायचं. दोऱ्यांना नुसता पीळ पडला असेल, तर पाय झाडून तो उलगडता येतो. मोह होतो तो इथेच: अजून एकदा झाडून बघू! अमेरिकी स्कायडायव्हिंग संघटनेनं विद्यार्थ्यांसाठी त्याची सीमा आखली आहे, २,५०० फूट. तिथवर ठरलं पाहिजे. मोकळं पडताना हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत संपतात, हे लक्षात घेतलं की ती सीमा एवढी वर का, ते कळतं.

"खूप वरून उडी मारली की वेळच वेळ" हेही अर्धवट. पुण्याच्या शीतल महाजन यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारली. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्या उतरल्या कालापत्थरला, तेच मुळी १७,४४४ फुटांवर. म्हणजे हातात होते जेमतेम चार हजार फूट, आणि हवा विरळ असल्यानं पडण्याचा वेग जास्त. मनगटावरच्या उंचीमापकाचं शून्य उतरायच्या जागेवर लावतात, ते याचसाठी.

पॅराशूट नीट उघडलं की धोका टळला, असंही सगळे समजतात. प्रत्यक्षात धडधाकट पॅराशूटखालीच कितीतरी माणसं गेली आहेत. जमिनीजवळ येऊन जोरात वळण घेतलं की पॅराशूट सूर मारतं. तरी हा खेळ म्हणजे आत्महत्या नव्हे: २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांत १० मृत्यू झाले.

"खाली समुद्र असला तर बरं," असं इथल्या किनाऱ्यावरचा चिंचणीकर म्हणेल. उलट पाण्यावर उंचीचा अंदाज हमखास चुकतो. दहा फूट राहिले असं वाटून पट्टे सोडणारा शंभर फुटांवरून पडू शकतो. म्हणून छातीचा पट्टा वर सैल केला, तरी पट्ट्यांतून बाहेर पडायचं ते पाय पाण्याला लागल्यावरच. आणि आपल्याकडे भातशेतांवरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा? त्या वरून दिसतच नाहीत. शोधायचे असतात मनोरे. कुणी तारेत अडकलाच, तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, तो कितीही ओरडला तरी.

त्या पोराला विचारलं, "तुला काय शिकवलं?" त्याची उडी टँडम, प्रशिक्षकाला बांधून मारलेली, मुठी ओढणं त्याच्याकडे नव्हतंच. त्यानं हातातला वडापाव सांभाळत बाकावर बसल्या बसल्या दोन्ही पाय गुडघ्यात न वाकवता समोर उचलले. "उतरताना हे. विमानात बसायच्या आधी तीनदा करून घेतलं." पाय अजून वरच होते.