मोसंबीवाल्याचा फोन

गावात पिणारा माणूस लपत नाही. घनसावंगी तालुक्यातला माझा मामेभाऊ किती वाजता पितो, कुणाच्या टपरीमागं पितो आणि कुठं पडतो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. लपवायची पाळी आली ती त्यानं सोडायचं ठरवल्यावर. पिताना तो कधी म्हणाला नव्हता, आता म्हणाला, "दादा, कुणाला सांगू नको."

गावाला मान्य असलेले उपाय करून झाले होते. माळ घातली होती. माळकऱ्याला आमच्याकडे कुणी घोटभर घेण्याचा आग्रह करत नाही, तेवढी तिची सत्ता आहे. पण दुसऱ्या वर्षीच्या पोळ्याला त्यानं माळ देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली आणि मग माळ मोडल्याच्या दुःखातही पिऊ लागला. त्याच्या बायकोनं भिंतीवरच्या जाहिरातीतली 'नकळत दारू सोडवणारी' पुडी भाजीत कालवली. जुलाब लागले, दारू तशीच राहिली.

जालन्याच्या डॉक्टरांनी आधी एक गोष्ट बजावली. रोज पिणाऱ्यानं मनानंच एकदम बंद करायची नाही. झटके येतात, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. पहिले दिवस औषधाखालीच काढायचे. तसे काढले. हातांची थरथर थांबली, भूक लागायला लागली. पण संध्याकाळचे सहा वाजले की काय करायचं, यावर गोळी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्यासारखीच माणसं शोधा."

नाव न सांगणं हाच ज्यांचा नियम, त्यांचा पत्ता विचारायचा कुणाला? व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे, हे ठाऊक होतं. अवचट दांपत्यानं 1986 साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही माहीत होतं, पण कापूस वेचणीला आलेला असताना महिनाभर बाहेर राहणं त्याला जमणार नव्हतं. शेवटी धागा सापडला तो शेजारच्या गावच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरकडं. हा माणूस बारा वर्षं प्यायला नव्हता. आम्ही समजत होतो, त्याला पोटाचा आजार आहे.

त्याच्यासोबत रविवारी जालन्याहून रेल्वेनं संभाजीनगर गाठलं. एका शाळेची खोली, पहिली-दुसरीचे बाक, फळ्यावर बेरजा तशाच. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे एएची, ती खुली मिटिंग होती, म्हणून न पिणाऱ्या मलाही मागच्या बाकावर जागा मिळाली. फी नाही, नोंदवही नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासद होण्याची अट. मधे एक डबा फिरला, ज्याला जमलं त्यानं दहा-वीस रुपये टाकले. त्यातूनच चहा आणि खोलीचं भाडं. बाहेरची देणगी ते घेत नाहीत.

एकेक जण उठून नाव सांगत होता, आडनाव नाही, आणि स्वतःला अल्कोहोलिक म्हणवून घेत होता. आमच्याकडं माणसाची ओळखच आडनावापासून सुरू होते, त्यामुळं मला ते फार उघडं-उघडं वाटलं. एकानं मुलीच्या फीचे पैसे प्याल्याचं सांगितलं. कुणी सल्ला दिला नाही, हळहळलं नाही, मधे बोललं नाही. पुढचा उठला आणि त्यानं स्वतःचं सांगितलं, बस. भाऊ बोलला नाही. पण बाक त्याच्यासाठी फारच बुटका होता, तरी दीड तासात तो एकदाही हलला नाही.

मला आधी हा सगळा कीर्तनाचाच प्रकार वाटला होता. पण 2020 साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेनं दहा हजारांवर माणसांवरचे 27 अभ्यास तपासले आणि दारूपासून पूर्ण लांब राहण्यात एएची वाट दिलेले लोक इतर समुपदेशन घेणाऱ्यांच्या मागं नाहीत, बहुधा थोडे पुढंच आहेत, असं दिसलं. एएची सुरुवातही असं माणूस शोधण्यातूनच झाली होती. 1935 च्या मे महिन्यात बिल नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या ॲक्रन गावी सौदा फिसकटून हॉटेलात एकटा उभा होता. एका बाजूला बारचा गलका, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं फोन लावत लावत आपल्यासारखा दुसरा दारुडा शोधून काढला, तो निघाला बॉब नावाचा सर्जन. परतताना हे मी कंडक्टरकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यानं बॉबला वाचवायला नाही केला फोन. स्वतः वाचायला केला. मी तुमच्यासोबत आलो ते काय उगीच?"

दर रविवारी शंभराच्या वर किलोमीटर ये-जा करणं शेतकऱ्याला परवडत नाही. महिन्यातून दोनदा जमतं. मधले दिवस फोनवर निघतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास, नेमक्या त्या वेळेला, काकांचा फोन येतो. त्यांचा नंबर भावानं 'मोसंबीवाला' म्हणून सेव्ह केलाय. बोलायला तो गोठ्यामागं जातो. बागेला पाणी पुरलं नाही म्हणून त्यानं मोसंबी उपटली, त्याला आता तीन वर्षं झाली. परवा पारावर शेजाऱ्यानं विचारलंच, "बाग तर राहिली नाही, मग हा व्यापारी रोज कशाचा भाव सांगायलाय रे?"

भाऊ म्हणाला, "आजचा."