दुखापतीनंतर धावताना : आधी सपाटी, मग घाट

यवतेश्वर घाटातून जाणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने २०१२ पासून अनेकांना बूट घालायला लावले. मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या, तेव्हा माणदेशातल्या मुलीही मैदानावर दिसू लागल्या. पण गुडघा, घोटा किंवा पिंढरी नुकती बरी झाली असेल, तर सुरुवात घाटात नकोच. चढणीवर दम लागतो. दुखावते ती उतरण. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या स्थितीत शरीराला आवर घालतात आणि गुडघ्याच्या वाटीवर भार वाढतो. या बाबतीत सांगलीकर सुदैवी; कृष्णाकाठची सपाटी त्यांच्या दारातच आहे. सातारकरांनी मैदान गाठावे.

डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर आधी अर्धा तास भरभर चालून पाहा. दुखले नाही, तर १ मिनिट हलके धावणे, २ मिनिटे चालणे, असे सात-आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. हृदय-फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, स्नायुबंध आणि हाडांना महिने लागतात. दम टिकतो म्हणून अंतर वाढवणारे इथेच फसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर मागच्या टप्प्यावर या. हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी वेदना, सूज किंवा लंगडणे दिसले, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जा.