सोयाबीनवरचा तांबेरा : ‘प्रतिकारक’ वाण म्हणजे नेमके काय?

नाशिक : निफाड, येवला, सिन्नर भागात सोयाबीनचे बियाणे निवडताना ‘तांबेऱ्याला प्रतिकारक’ हा शब्द हमखास कानावर येतो. असे वाण पेरले की रोग येणारच नाही, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हे संरक्षण मर्यादित असते आणि ते कायमचे टिकेलच असे नाही.

तांबेरा पसरतो कसा?
ही बुरशी फक्त जिवंत हिरव्या पानावर जगते. ढगाळ हवा, रिमझिम आणि तासन्‌तास ओली राहणारी पाने मिळाली की पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी पुरळ येते. त्यातून उडालेले बीजाणू वाऱ्यासोबत दूरच्या शिवारात पोहोचतात. पाने अकाली गळतात आणि दाणे बारीक राहतात.

वाण तग कसे धरते?
पानात शिरताना बुरशी काही प्रथिने सोडते. रोपाकडे योग्य जनुक असेल, तर ती ओळखली जातात आणि त्या जागेच्या पेशी स्वतःहून मरतात. जिवंत पेशी न मिळाल्याने बुरशीची उपासमार होते. पानावर लालसर ठिपके दिसतात, पण बीजाणू कमी तयार होतात.

महाराष्ट्रात कोणते वाण?
कृष्णाकाठी तांबेरा वारंवार येतो. त्यामुळे सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथे राहुरी कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात वाणांची खरी परीक्षा होते. फुले संगम (केडीएस ७२६) आणि फुले किमया (केडीएस ७५३) हे तेथूनच आले. जुने, लोकप्रिय जेएस ३३५ मात्र तांबेऱ्याला लवकर बळी पडते.

मग संरक्षण कायमचे का नाही?
बुरशीही बदलते. जनुक हे कुलूप मानले, तर बुरशीला कधीतरी किल्ली सापडते. एकच वाण सगळीकडे पेरले, तर तिचे काम आणखी सोपे होते. म्हणून संशोधक एकाच वाणात अनेक जनुके आणण्याच्या प्रयत्नात आहेत. २०१६ मध्ये ब्रिटन आणि ब्राझीलमधील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात तुरीतील एक जनुक सोयाबीनमध्ये घातल्यावर तांबेरा रोखला गेला. मात्र भारतात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही.

शेतकऱ्यांनी काय पाहावे?
• तांबेरा-प्रतिकारक वाण पिवळ्या मोझॅकलाही दाद देणार नाही, असे नाही. तो विषाणूजन्य रोग आहे.
• पुढे कांदा किंवा गहू घ्यायचा असेल, तर वाणाचा कालावधी आधी विचारा.
• सोयाबीन स्वपरागसिंचित असल्याने घरचे बियाणे वापरता येते, पण त्यात दुसऱ्या वाणाची भेसळ नको. उगवणक्षमता किमान ७० टक्के हवी.
• वाण कोणतेही असो, पावसाळी हवेत पानाची खालची बाजू तपासत राहा.